पाचट वाजलं आणि सुमी घाबरली: ॲनिमेशनमधली भीती नीट दिसावी म्हणून

दोन मिनिटांची एक फिल्म करत होते, बिबट्यावर. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे उसाच्या फडात बिबट्या असणं आता कुणाला नवीन नाही. मादी फडातच पिल्लं घालते, ऊस तोडायला आला की पिल्लं सापडतात. फिल्म शाळेतल्या मुलांसाठी होती आणि सांगायचं एवढंच होतं: बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली बसायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. गोष्टीतली सुमी नऊ वर्षांची. दिवस मावळल्यावर कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री बांधायला जाते, शेजारच्या उसात पाचट (उसाची वाळलेली पानं) वाजतं, ती टॉर्च मारते आणि दोन डोळे चमकतात.

पहिली आवृत्ती निफाडकडच्या एका शाळेत दाखवली. सुमी घाबरते त्या जागी मुलं हसली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीला मी विचारलं, "सुमीला काय झालं?" ती म्हणाली, "तिला कायतरी गंमत दिसली."

त्या रात्री पंचवटीत घरी आल्यावर तो शॉट एकेक फ्रेम पुढे करत पाहिला. मुलगी बरोबर सांगत होती. भुवया कमानीसारख्या वर, तोंड गोल, दोन्ही हात हवेत, आणि हे सगळं पाचट वाजल्यापासून १२ फ्रेमच्या आत, म्हणजे अर्ध्या सेकंदात. समोर बिबट्याऐवजी वाढदिवसाचा केक ठेवला असता तरी तीच पोज चालली असती. हा शॉट मी एकूण पाच वेळा केला. त्यात जे हाती लागलं ते शनिवार-रविवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते, तेच इथे लिहिते.

दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं

माझी मूळ चूक ही की मी 'घाबरली' ही एकच क्रिया समजत होते. त्या तीन आहेत. आधी शरीर दचकतं, त्याला काय झालं ते ठाऊकही नसतं. मग डोळे शोधतात आणि डोक्याला कळतं. आणि कळल्यानंतर माणूस घाबरतो. दचकणं आवाजाचं असतं, भीती बिबट्याची असते. मधलं 'कळणं' गाळलं तर प्रेक्षकाला नुसता एक मोठा झटका दिसतो, आणि नुसता झटका पाहून लोक हसतातच. विनोदी कार्टूनमध्ये तो तसा मुद्दाम वापरतात. पात्र आधी दबतं, मग रबरासारखं वर ताणलं जातं, डोळे बाहेर येतात. तिथे ते शोभतं. आपल्याला प्रेक्षकाच्या पोटात गोळा आणायचा असेल तर तिन्ही गोष्टींना वेगवेगळ्या फ्रेम द्याव्या लागतात.

दचकणं कसं असतं हे मनाने काढू नका, बघा. मी माझ्या भाच्याला आधी सांगून, त्याच्या परवानगीने, मोबाइल सेकंदाला ६० फ्रेमवर लावून चित्रीकरण केलं. तो जेवत होता, केव्हा ते न सांगता मागे स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. (वयस्कर माणसावर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यावर हा प्रयोग कधीही करू नका.) आवाजानंतर तिसऱ्या फ्रेमला त्याची पापणी हलायला लागली. सहाव्या-सातव्याला डोळे पूर्ण मिटलेले. मग मान पुढे, खांदे कानाकडे, कोपरं दुमडलेली, घासाची मूठ आवळलेली. वर काहीच गेलं नाही! मी इतकी वर्षं दचकलेलं पात्र वर उडवत होते, आणि खरा माणूस आधी मिटतो, आत जातो. १९३० च्या दशकात लँडिस आणि हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाच्या बाराला माणसं कशी दचकतात ते वेगवान कॅमेऱ्याने टिपलं होतं, त्यातही क्रम हाच: डोळे मिटणं, मान पुढे, खांदे वर, कोपरं आणि गुडघे वाकलेले. भाच्याने ताटाकडे वळून पाहिलं ते नंतर, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने.

६० फ्रेमचं चित्रीकरण २४ फ्रेमच्या कामात आणताना आकड्याला अडीचने भागायचं. म्हणजे भाच्याची सहावी-सातवी फ्रेम आपल्याकडे तिसऱ्या फ्रेमला येते. इतकं ते जलद आहे.

मराठीकडे अभिनयाच्या सूचना तयार आहेत

'सुमी घाबरते' असं स्टोरीबोर्डवर (शॉटच्या कच्च्या चित्र-आराखड्यावर) लिहिलं की काढणाऱ्याच्या हाताला काहीच मिळत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, 'घाबरते' खोडा आणि आपली आजी कसं सांगेल ते लिहा. काळजात धस्स झालं: छाती खाली जाते, श्वास अर्ध्यात अडकतो. पोटात गोळा आला: शरीर मधून दुमडतं, हात पोटाकडे येतो. दातखीळ बसली: जबडा घट्ट, तोंड उघडणारच नाही. बोबडी वळली: तोंड उघडतं, ओठ हलतात, शब्द निघत नाही. हातपाय गळाले: खांद्यापासून सगळं सैल, हातातली वस्तू पडते. जीव मुठीत धरला: नेमकं उलटं, वस्तू आवळली जाते. बघा, दातखीळ आणि बोबडी ही एकाच तोंडाची दोन पूर्ण वेगळी चित्रं आहेत, आणि एकाच वेळी दोन्ही काढता येत नाहीत. एक निवडावं लागतं. निवड झाली की निम्मं काम झालं.

सुमीसाठी मी 'थिजली' हा शब्द घेतला. तूप थिजतं तसं. वाटीतलं तूप एकदम दगड होत नाही, कडेने गोठत आत येतं. शॉटमध्ये मी तेच केलं: ताडपत्रीची दोरी ओढणारी बोटं आधी थांबतात, मग मनगट, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मान. प्रत्येकात दोन-दोन फ्रेमचं अंतर. पूर्वी सगळं एकाच फ्रेमला थांबायचं, तेव्हा कंप्यूटर अडकल्यासारखं दिसायचं. आता ती मुलगी थांबल्यासारखी दिसते. या एका शब्दाने मला जे दिलं ते कुठल्याही ट्यूटोरियलने दिलं नव्हतं.

नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांची, म्हणजे भावना शरीरावर आपोआप उमटते त्या खुणांची, यादीही अशीच कामाची आहे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. भीतीच्या शॉटला यातले दोन पुरतात, फार तर तीन. सुमीला मी स्तंभ आणि वेपथू दिले, म्हणजे गोठणं आणि कापणं. घामाचे थेंबही काढले होते, ते नंतर पुसले. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, सहा सेकंदांत ते कुणाला दिसणार नव्हते.

माझा शॉट, फ्रेमच्या हिशोबात

२४ फ्रेमला एक सेकंद. १ ते ३६ या फ्रेममध्ये सुमी आपल्या कामात आहे. टॉर्च काखेत, दोन्ही हातांनी दोरी ओढतेय, तोंडाने गुणगुणतेय. या दीड सेकंदाला हात लावू नका. शिकणारी मुलं पहिल्यांदा हाच भाग कापतात, "यात काही घडत नाही ना ताई" म्हणून. पण पात्र मोकळं असताना कसं उभं राहतं ते दिसलं नाही, तर ते आवळलं गेलंय हे कशावरून कळणार? मी या भागात तिचे खांदे मुद्दाम खाली आणि वजन एका पायावर ठेवलं, कारण पुढे खांदे वर जाणार आहेत आणि दोन्ही पाय जमिनीला चिकटणार आहेत.

३७ ला पाचट वाजतं. ३८ आणि ३९ मध्ये ती अजून गुणगुणतेय. ४० ते ४२ मध्ये पापण्या मिटतात, ४६ पर्यंत हनुवटी खाली, खांदे वर, गुडघे किंचित वाकलेले. त्यानंतर आठ फ्रेम ती तशीच. थिजण्याचा जो क्रम वर सांगितला तो या भागातला.

५५ ला डोळे उघडतात आणि बाहुल्या आवाजाच्या दिशेला जातात, पण मान हलत नाही. ही सहा फ्रेमची जागा मला संपूर्ण शॉटमध्ये सगळ्यात मोलाची वाटते. डोळे गेले आणि डोकं गेलं नाही, की प्रेक्षकाला कळतं हिला बघायची भीती वाटतेय. ६१ ला मान वळते. सरळ रेषेत नाही, हनुवटी थोडी खाली घेऊन कमानीत. ६७ ते ७५ मध्ये टॉर्च काखेतून हातात येतो आणि उजेडाचा गोल उसावरून सरकत जाऊन थांबतो. दोन डोळे चमकतात.

आणि मग १० फ्रेम काहीच नाही. चेहराही बदलत नाही. हेच ते 'कळणं'. पहिल्यांदा या १० फ्रेम ठेवताना माझाच हात धजत नव्हता. वाटलं, लोकांना शॉट मेला असं वाटेल. तसं काही होत नाही, कारण त्या वेळात प्रेक्षक स्वतः डोळे ओळखत असतो.

८६ ते ९२ मध्ये भीतीची पोज येते. आधीच्या दचकण्यापेक्षा ती लहान आहे, मोठी नाही. वजन मागच्या पायावर, छाती आत, टॉर्चचा हात पुढेच राहिलेला, दुसऱ्या हातात दोरी आवळलेली. शरीर मागे जातं, नजर जागची हलत नाही. १२८ पर्यंत हीच पोज, आणि मग पहिलं पाऊल मागे.

हे आकडे माझ्या सुमीचे आहेत, तुमच्या पात्राचे वेगळे येतील. म्हातारा माणूस उशिरा वळेल. मांजर घेतलं तर दचकणं दोन फ्रेममध्येच आटोपेल. पण क्रम मोडू नका: मिटणं, थांबणं, डोळे, मान, उजेड, थांबणं, भीती.

चेहरा

आश्चर्य आणि भीती यांचे चेहरे सख्ख्या बहिणींसारखे आहेत, म्हणून घोटाळा होतो. फरक तीन ठिकाणी असतो. आश्चर्यात भुवया कमानीसारख्या उचलतात आणि एकमेकींपासून लांब राहतात; भीतीत त्या उचलतातच, पण जवळही ओढल्या जातात, त्यामुळे जवळजवळ सरळ होतात आणि नाकाकडची टोकं वर जातात. आश्चर्यात तोंड सैल पडून खाली उघडतं. भीतीत ओठ आडवे, कानांच्या दिशेला ताणले जातात. आणि खालची पापणी. आश्चर्यात ती सैल, भीतीत ताठ. खालच्या पापणीचा कंट्रोल रिगमध्ये (पात्र हलवायच्या सांगाड्यात) असूनही मी वर्षानुवर्षं त्याला हात लावला नव्हता. तो जरासा वर घेतला आणि केक पाहणारी सुमी गेली, उसाकडे पाहणारी सुमी आली.

बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसू द्या. नाट्यशास्त्रात भयानका नावाची दृष्टी सांगितली आहे, तिच्यात पापण्या वर ताणलेल्या आणि ताठ, बाहुल्या थरथरत्या असतात. ती सूचना जशीच्या तशी रिगवर बसते. कार्टूनमध्ये घाबरलेल्याची बाहुली बारीक काढायची रीत आहे. खऱ्या डोळ्यात भीतीने बाहुली मोठी होते. तरी बारीक काढतात, कारण तिच्याभोवती पांढरं जास्त दिसतं आणि नजर कुठे खिळली आहे ते लांबूनही कळतं. मी बारीकच केली, पण एकदम नाही. त्या १० शांत फ्रेमपैकी शेवटच्या चारमध्ये.

काळी सावली आणि टॉर्चचा गोल

चेहऱ्यावर मेहनत झाली की तो झाकून बघा. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉलिड व्ह्यूला लाइटिंग फ्लॅट करून एकच काळा रंग दिला की पात्राची नुसती सावली उरते. तेवढ्यावर भीती कळली पाहिजे. माझ्या पहिल्या सावलीत टॉर्चचा हात छातीसमोर होता, त्यामुळे सुमी एक गाठोडं दिसत होती. हात बाजूला काढला, कोपर आणि कंबर यांच्यामध्ये आरपार दिसेल इतकी फट ठेवली, तेव्हा मागे झुकलेली पाठ दिसायला लागली.

अशा पोज बघायला नाशिकमध्ये रंगपंचमीसारखा दिवस नाही. जुन्या नाशकात रहाडी उघडतात, पेशवेकाळापासूनचे रंगाचे हौद. पहिल्यांदा धप्पा (हौदात उडी) मारायला काठावर आलेल्या पोराकडे बघा: मित्र मागून ढकलतायत, पायाची बोटं काठ धरतायत, ढुंगण मागे, मान पुढे, नजर रंगाच्या पाण्यावर. शरीर एकीकडे आणि नजर दुसरीकडे! मी तिथे काढलेल्या चिटुकल्या चित्रांवरूनच सुमीचा मागचा पाय बसवला.

आता टॉर्च. बारीक चणीच्या पात्राचं कापणं मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाही. पण तिच्या मनगटाला एका अंशाचा कंप दिला तर उसावरचा उजेडाचा गोल सहज दिसेल इतका हलतो. भीती सुमीच्या हातात आहे आणि दिसते समोरच्या पाचटावर. तुमच्या पात्राच्या हातात टॉर्च नसेल तर दुसरं काही शोधा: चहाचा कप बशीवर वाजू द्या, किल्ल्यांचा जुडगा, पाण्याने भरलेला तांब्या, कानातला डूल. हलकं आणि लोंबतं काहीही चालेल.

कंप हाताने, की-फ्रेम मारून (म्हणजे त्या फ्रेमची पोज नोंदवून) करायचा तर एकाआड एक फ्रेम, पण प्रत्येक वेळी तेवढाच हलवू नका, नाहीतर मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं दिसतं. ब्लेंडरमध्ये ग्राफ एडिटरमधून मनगटाच्या रोटेशनच्या कर्व्हवर नॉइज मॉडिफायर (हालचालीत अनियमित थरथर घालणारी सोय) लावता येतो. त्याची स्ट्रेंथ सुरुवातीला १ असते, ती हाताला फार होते, मी ०.०५ च्या आसपास ठेवली. दोन अक्षांना वेगवेगळी फेज द्या, म्हणजे गोल एकाच तिरप्या रेषेत नाचत नाही. फ्रेमची मर्यादा घालून ब्लेंड-इन द्या, म्हणजे कंप हळूहळू चढतो. आणि कृपा करून अख्ख्या शरीराला नॉइज लावू नका. पाय घट्ट, धड स्थिर, फक्त मनगट आणि थोडीशी हनुवटी. स्थिर धडामुळेच हात कापताना दिसतो.

कुणाला दाखवायचं

ॲनिमेशन करणाऱ्या मित्राला नाही. तो टायमिंगबद्दल बोलेल. मी आवाज बंद करून, मोबाइलवर, आमच्या समोरच्या काकूंना दाखवलं. "आवडलं का?" असं विचारलं नाही, कारण आवडलं असंच सांगणार. विचारलं, "काय झालं?" तिसऱ्या आवृत्तीला त्या म्हणाल्या, "तिला कुणीतरी हाक मारली." म्हणजे डोळे आणि मान वळणं पोचलं होतं, पण पुढची भीती पोचली नव्हती. ८६ नंतरच्या पोजमध्ये सुमीचं शरीर मी आणखी मागे झुकवलं आणि खालची पापणी उचलली. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "अगं बाई, काय आहे तिथं?" पाचव्या आवृत्तीत मी फक्त मागे सरणं सुधारलं आणि तीच परत त्याच शाळेत नेली. सुमी थिजली तेव्हा वर्ग गप्प होता, आणि मागच्या बाकावरून एक पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "पळू नको, पळू नको."

एक गोष्ट राहिली, आणि ती बहुतेक जण विसरतात: भीती उतरते कशी. धोका टळला की पात्र पुढच्या फ्रेमला मोकळं करून टाकतात. शरीर इतक्या लवकर विश्वास ठेवत नाही. ज्या क्रमाने थिजलं त्याच्या उलट्या क्रमाने ते सुटतं: आधी श्वास, मग मान, मग खांदे, आणि बोटं सगळ्यात शेवटी. सुमी ओट्यावर पोचते, आई तिला जवळ घेते, तिचे गुडघे तेव्हा वाकतात, आधी नाही. दोरीचा तुटलेला तुकडा अजून मुठीत आहे. आणि टॉर्च मी शेवटच्या फ्रेमपर्यंत चालूच ठेवला आहे, घरात दिवा असूनही.